तीन आठवड्यांची बंदी, सव्वीस वर्षं चाललेली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय मेंढरांचा आहे, तोही परदेशातला. तरी गोष्ट मुळात सरकार आणि शेतकरी यांच्यातली आहे, त्यामुळे ओळखीची वाटेल.

२० जून १९८६. ब्रिटनचे कृषिमंत्री मायकेल जॉपलिंग यांनी जाहीर केलं की इंग्लंडच्या वायव्य टोकाचा कंब्रिया आणि उत्तर वेल्स इथल्या ठरावीक पट्ट्यातली मेंढरं जागची हलवायची नाहीत आणि कापायचीही नाहीत. कारण त्यांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. मुदत किती? तीन आठवडे.

ही बंदी शेवटच्या शेतावरून उठली कधी माहितीये? १ जून २०१२ ला.

म्हणजे सव्वीस वर्षं. बंदी आली तेव्हा तिशीत असलेला शेतकरी ती उठली तेव्हा साठीकडे झुकला होता. मधल्या काळात सोव्हिएत युनियन संपलं, बर्लिनची भिंत पडली, ब्रिटनमध्ये पाच पंतप्रधान झाले. आणि वेल्सच्या डोंगरात माणसं हातात यंत्र घेऊन मेंढीच्या मागच्या पायाला लावून आकडा वाचतच होती.

हे असं का झालं, ते बघू.

ढग आला, पाऊस पडला

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. चेर्नोबिल आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये होतं. मॉस्कोने दोन दिवस ब्र काढला नाही. २८ एप्रिलला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला आणि जगाला कळलं की कुठेतरी काहीतरी मोठं घडलंय.

तो ढग युरोपभर फिरत फिरत २ मेच्या सुमारास ब्रिटनवर आला. अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. ढग नुसता वरून निघून गेला असता तर फार बिघडलं नसतं. पण नेमका त्याच दिवसांत उत्तर वेल्स, कंब्रिया आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावर जोरदार पाऊस झाला. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. घाटमाथ्यावर धो धो आणि खाली माणदेशात कोरडं, हे आपण दरवर्षी बघतो. तिथंही तसंच. डोंगराने ढग अडवला, पावसाने हवेतलं सीझियम धुऊन गवतावर आणलं. पलीकडचा सपाट मुलूख जवळजवळ कोरडा सुटला.

६ मे रोजी पर्यावरणमंत्री केनेथ बेकर यांनी संसदेत सांगितलं की या ढगाच्या परिणामांचा अंदाज घेतलाय आणि त्यातून ब्रिटनमध्ये कुणाच्याही आरोग्याला धोका नाही.

इतकी वर्षं बातमीदारी केल्यावर मला एक सवय लागलीये. 'घाबरण्याचं कारण नाही' असं प्रेसनोटमध्ये आलं की ती नोट मी फाइलला लावून तारीख टाकून ठेवतो. बेकर साहेबांच्या विधानाला दीड महिना झाला आणि मेंढरांवर बंदी आली. चार दिवसांनी स्कॉटलंडच्या काही भागात आली. पुढे उत्तर आयर्लंडमध्येही आली.

आकडे बघा. ब्रिटनभरात सुमारे ९,८०० शेतं आणि ४० लाखांहून जास्त मेंढरं या ना त्या टप्प्यावर बंदीखाली आली. त्यातली निम्म्याहून अधिक शेतं, म्हणजे साधारण ५,१००, एकट्या वेल्समधली.

'तीन आठवडे' हा आकडा आला कुठून?

उगाच फेकलेला नव्हता तो. त्यामागे शास्त्र होतं.

सीझियम शरीरात गेलं तरी कायम राहत नाही. मेंढीच्या अंगातून ते लघवी-लेंडीवाटे हळूहळू बाहेर पडतं. स्वच्छ चारा मिळाला तर काही आठवड्यांत पातळी बरीच खाली येते. मे महिन्यात पावसाबरोबर गवताच्या पात्यावर पडलेलं सीझियम एकदा खाऊन झालं, धुऊन गेलं, की जमिनीत मुरेल. मातीतली चिकणमाती ते धरून ठेवेल. नवीन गवत स्वच्छ उगवेल. ते खाऊन मेंढ्या आपोआप साफ होतील. कोकरं तशीही ऑगस्टपासून पुढे बाजारात जातात, तोवर सगळं मिटलेलं असेल. असा हिशेब.

हिशेब बरोबर होता. माती चुकीची होती.

चिकणमाती सीझियम धरून ठेवते, हे खरं. पण ते मैदानी शेतीच्या जमिनीचं ज्ञान. कंब्रिया आणि वेल्सच्या डोंगरमाथ्यावरची जमीन तशी नाही. तिथं पीट असतं. म्हणजे शेकडो वर्षं अर्धवट कुजत पडलेल्या शेवाळा-गवताची काळी, आंबट, स्पंजासारखी ओली माती. तिच्यात चिकणमाती नावालाच. अशा मातीत सीझियम अडकत नाही, मोकळं राहतं. वनस्पतीला ते पोटॅशियमसारखं वाटतं, म्हणून मुळं ते परत ओढून घेतात. मग गवतात, हेदरच्या झुडपात, तिथून मेंढीत, मेंढीच्या लेंडीतून परत मातीत, मातीतून परत गवतात. हे चक्रच सुरू राहिलं.

आणि त्या चक्रात फिरणाऱ्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य आहे ३० वर्षं. म्हणजे आज जितकं आहे त्याचं निम्मं व्हायला ३० वर्षं लागणार.

तीन आठवडे संपले. मेंढ्यांमधली पातळी उतरली नाही, काही ठिकाणी वाढली. जुलै संपता संपता तीन आठवड्यांची बंदी बेमुदत झाली.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. डोंगरातल्या मेंढपाळाचं वर्षाचं पीक एकच, कोकरं. वसंतात जन्मतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर विकली जातात. तो पैसा वर्षभर पुरवायचा. शिवाय कोकरं विकली नाहीत तर हिवाळ्यात त्यांना घालायला चारा नाही. जूनमध्ये त्याला सांगितलं, थांब, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. तो थांबला. जुलैअखेरीस सांगितलं, आता किती दिवस ते सांगता येत नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा बैल दावणीला बांधून बसलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना ही कोंडी कळेल.

पेंढा खायला घाला!

आता जो भाग सांगणार आहे तो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

लँकेस्टर विद्यापीठातले ब्रायन विन नावाचे अभ्यासक त्या काळात कंब्रियाच्या मेंढपाळांकडे जाऊन बसले. त्यांचं ऐकलं, लिहून घेतलं. विज्ञान आणि सामान्य माणूस यांच्या नात्यावर जगभर जे शिकवलं जातं, त्यात त्यांचा हा अभ्यास आजही असतो. त्यातून जे समोर आलं ते थोडक्यात असं.

शेतकऱ्यांना सल्ला देण्यात आला की डोंगरावर गवत दूषित आहे ना, मग मेंढ्या खाली दरीतल्या शेतात आणून चारा. शेतकरी म्हणाले, अहो, दरीतलं गवत आम्ही हिवाळ्यासाठी राखतो. ते आत्ता चारलं तर जानेवारीत काय घालू?

सल्ला आला की पेंढा खायला घाला. मेंढपाळ एकमेकांकडे बघत राहिले. डोंगरातली मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत.

मग एक प्रयोग झाला. बेंटोनाइट नावाची एक माती सीझियम धरून ठेवते. ती गवतावर वेगवेगळ्या प्रमाणात टाकायची, त्या तुकड्यांना कुंपण घालायचं, प्रत्येक तुकड्यात काही मेंढ्या ठेवायच्या आणि कुठे सीझियम कमी होतं ते मोजायचं. कागदावर प्रयोग उत्तम. मेंढपाळ म्हणाले, उघड्या डोंगरावर फिरणारी मेंढी कुंपणात कोंडली की ती खंगते. तुमचे आकडे खंगलेल्या मेंढीचे येतील. कुणी ऐकलं नाही. पुढे नेमक्या याच अडचणींमुळे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. पण 'तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं' एवढं म्हणायला कुणी त्या शेतावर परत आलं नाही.

या डोंगरांबद्दल थोडं सांगतो. तिथं माथ्यावर कुंपण नसतं. मैलोन्‌मैल मोकळं रान. तरी एका शेतकऱ्याची मेंढरं दुसऱ्याच्या हद्दीत भटकत नाहीत. कारण प्रत्येक कळपाला आपला डोंगराचा तुकडा ठाऊक असतो. मेंढी तो कोकराला दाखवते, ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला दाखवतं. हे शेकडो वर्षं चाललंय. शेताचा मालक बदलला तरी कळप तिथंच ठेवून जायची रीत आहे, कारण नवीन आणलेल्या मेंढीला तो डोंगर कळायचा नाही. हर्डविक जातीची मेंढरं यासाठी प्रसिद्ध. असा कळप एकदा मोडला, मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या, तर पैसे देऊनही तो परत उभा राहत नाही. ही भीती मेंढपाळाच्या पोटात होती. सरकारी फॉर्मवर तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आपल्याकडे वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगराला विचारा. कुठल्या गावाच्या शिवारात कुठल्या महिन्यात काय उगवतं, कुठल्या पाल्याने मेंढी फुगते, हे तो झोपेतही सांगेल. त्या ज्ञानाला प्रमाणपत्र नसतं, एवढंच.

रंग लावलेली मेंढरं

अख्खा पट्टा बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्याच वर्षी एक व्यवस्था आली. शेतकऱ्याला मेंढरं विकायची असतील तर आधी कळवायचं. सरकारी माणूस यंत्र घेऊन येणार. मेंढी धरायची, मागच्या भागाला यंत्र टेकवायचं, आकडा घ्यायचा. किलोला १,००० बेक्वेरेलच्या खाली असेल तर मोकळी. वर असेल तर तिच्या अंगावर रंगाचा पट्टा. (बेक्वेरेल म्हणजे दर सेकंदाला एक अणू फुटणं, एवढंच लक्षात ठेवा.) रंगवलेली मेंढी दुसरीकडे स्वच्छ चाऱ्यावर नेता यायची, पण मर्यादेखाली येईपर्यंत कापायची परवानगी नाही.

उपाय तसा शहाणपणाचा. पण बाजार कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. अंगावर रंग असलेली मेंढी बाजारात आली की व्यापारी भाव पाडणारच. शेजारच्या बिनरंगी मेंढीलाही 'तुम्ही त्याच भागातले ना?' असं विचारणार. मेंढ्या गोळा करायच्या, धरायच्या, दिवस मोडायचा. त्या कामापोटी मिळायचे मेंढीमागे १.३० पौंड.

त्यात मोजणी करताना शेतकरी बाजूलाच उभा असायचा. तीच मेंढी दोनदा मोजली की आकडा वेगळा येतो, यंत्र जरा हललं की बदलतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. यात लबाडी नव्हती, अशी मोजमापं असतातच तशी. पण लंडनहून येणारं प्रत्येक विधान छातीठोक, आणि अंगणातलं यंत्र मात्र डुगडुगतं. माणूस विश्वास कशावर ठेवेल?

डोंगरापलीकडचं धुराडं

कंब्रियाच्या शेतकऱ्यांच्या मनात अजून एक गोष्ट होती. बंदीचा नकाशा हळूहळू आकसत गेला आणि शेवटी तिथं साधारण १५० शेतांचा चंद्रकोरीसारखा पट्टा उरला. त्या पट्ट्याच्या शेजारी, समुद्रकाठाला, काय होतं? सेलाफील्ड. ब्रिटनचा सर्वांत मोठा अणुप्रकल्प.

सेलाफील्डचं जुनं नाव विंडस्केल. १९८१ मध्ये बदललं. का बदललं असेल याचा अंदाज तिथल्या लोकांनी आपापला बांधला होता, कारण विंडस्केल म्हटलं की त्यांना १९५७ आठवायचं.

१० ऑक्टोबर १९५७ ला विंडस्केलच्या अणुभट्टीत आग लागल्याचं लक्षात आलं. ही भट्टी विजेसाठी नव्हती, अणुबॉम्बचं प्लुटोनियम बनवण्यासाठी होती. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून आग विझवली. धुराड्याच्या टोकाला गाळण्या होत्या म्हणून बरंच निभावलं. त्या गाळण्या बसवा असा हट्ट सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी धरला होता आणि तेव्हा त्यांची 'कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा' म्हणून चेष्टा झाली होती.

तरीही किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडलं, कुरणांवर बसलं, गाईंच्या दुधात उतरलं. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध विकायला बंदी झाली. काही आठवडे लाखो लिटर दूध ओढ्यांत, गटारांत, समुद्रात ओतलं गेलं. आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, त्यामुळे ती बंदी खरोखरच लवकर संपली. कदाचित १९८६ च्या 'तीन आठवड्यां'मागे ही आठवणही असेल.

पण आगीच्या चौकशीचा अहवाल? सर विल्यम पेनी यांनी तो लिहिला. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी पूर्ण अहवाल बाहेर येऊ दिला नाही. तो लोकांना वाचायला मिळाला जानेवारी १९८८ मध्ये. तीस वर्षांनी! आणि नेमका तेव्हा, जेव्हा मेंढपाळ आपल्या कळपावरच्या रंगाकडे बघत बसले होते.

मग शेतकरी विचारू लागले. हे सगळं सीझियम चेर्नोबिलचंच आहे कशावरून? आमच्या डोंगरावर ते आधीपासून होतं का? १९८६ पूर्वीची मोजमापं दाखवा.

शास्त्रज्ञ म्हणाले, सीझियम-१३७ आणि सीझियम-१३४ यांच्या प्रमाणावरून चेर्नोबिलची खूण ओळखता येते. हे बरोबरच होतं. पण ही तपासणी बारकाईने झाली तेव्हा असंही मान्य करावं लागलं की डोंगरावरचं सगळं सीझियम चेर्नोबिलचं नाही. त्यातलं काही जुनं आहे, बॉम्बच्या चाचण्यांचं आणि विंडस्केलच्या आगीचं. आणि आधीच्या वर्षांच्या, लोकांना पटतील अशा नोंदी समोर ठेवता आल्या नाहीत.

म्हणजे शेतकऱ्यांचा संशय पूर्ण खरा नव्हता आणि पूर्ण खोटाही नव्हता. नोंदी असत्या तर तो प्रश्न एका दिवसात मिटला असता.

इतरांनी काय केलं?

ब्रिटिश सरकारवर फार टीका झाली असं वाटू नये म्हणून बाकीच्यांचंही बघू.

सोव्हिएत युनियनमध्ये दूषित भागातली गुरं कापली गेली, मांस साठलं. पुढे पत्रकार अल्ला यारोशिन्स्काया यांनी जी गुप्त सरकारी कागदपत्रं बाहेर काढली, त्यात त्या मांसाची विल्हेवाट लिहिलेली आहे. दूषित मांस एक भाग, चांगलं मांस दहा भाग असं मिसळा आणि देशभर खपवा. रंग नाही, बंदी नाही, भरपाई नाही. खाणाऱ्याला कळलंच नाही तर तो तक्रार कशी करणार? दुधाबाबतही सुरुवातीचे दिवस तसेच गेले. त्या दुधातल्या आयोडीनने पुढे तिथल्या हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ब्रिटनने मेंढरांवर बंदी घातली हे चूक नव्हतं. खाणाऱ्याला वाचवणं गरजेचं होतं, आणि ते झालं.

स्वीडन आणि नॉर्वेच्या उत्तरेला सामी लोक रेनडियर पाळतात. रेनडियर हिवाळ्यात दगडफूल खातो. आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतली वनस्पती. तिला मुळं नसतात, ती हवेतूनच सगळं घेते, त्यामुळे सीझियमही भरपूर घेतलं. स्वीडनची मर्यादा होती किलोला ३०० बेक्वेरेल. पहिल्या हंगामात मांसाचे ढीगच्या ढीग टाकून द्यावे लागले. मग १९८७ मध्ये रेनडियरसाठी ती मर्यादा १,५०० केली. नॉर्वेने तर नोव्हेंबर १९८६ मध्येच ६०० वरून एकदम ६,००० केली. कारण उघडपणे सांगितलं. बाकीचे लोक रेनडियर वर्षातून एखाद्या वेळी खातात, त्यांना धोका नाही, आणि मर्यादा तीच ठेवली तर सामींची जगण्याची रीतच संपेल. मग रोज रेनडियर खाणाऱ्या सामींनी स्वतः काय करायचं? त्यांना वेगळा सल्ला दिला, जनावरांना प्रशियन ब्लू नावाचं औषध चाटण-मिठातून दिलं, दगडफुलाचा हंगाम सुरू होण्याआधीच कापणी उरकायला सांगितलं.

३००, ६००, १,०००, १,५००, ६,०००. सीझियम तेच, मांस तेच. म्हणजे 'सुरक्षित मर्यादा' हा आकडा निव्वळ प्रयोगशाळेत ठरत नाही. कोण किती खातो आणि कुणाचं पोट त्यावर आहे, हेही त्यात मोजलेलं असतं. ते उघड सांगितलं तर लोकांना समजतं.

आणि जपान. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. सरकारने आठवडाभरातच गुरं पाळणाऱ्यांना सांगितलं की उघड्यावर पडलेला चारा घालू नका. बरोबर सांगितलं. पण भाताचा पेंढा ज्या शेतकऱ्यांच्या रानात पडला होता, त्या भातवाल्यांपर्यंत ही सूचना पोचलीच नाही. ते तर गुरं पाळत नाहीत ना! त्यांनी नेहमीसारखा पेंढा विकला. तो गुरांनी खाल्ला, मांस अनेक प्रांतांत गेलं, आणि जुलैमध्ये फुकुशिमाच्या गोमांसावर बंदी आली. ब्रिटनमध्ये मेंढी खात नाही तो पेंढा घाला म्हणून सांगितलं, जपानमध्ये गुरं खातात त्या पेंढ्याचा रस्ताच कुणी बघितला नाही. दोन्हीकडे दुखणं एकच. आदेश काढणाऱ्याला चारा कुठून कुठे जातो ते माहीत नव्हतं.

आणि मुंबईचं लोणी

आपला संबंध काय, असं कुणी विचारेल. आहे, आणि थेट आहे.

त्या काळात 'ऑपरेशन फ्लड'साठी युरोपीय समुदायाकडून भारताला दूध पावडर आणि लोणी मदत म्हणून यायचं. चेर्नोबिलनंतर आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं. ते दूषित आहे, विकू देऊ नका, म्हणून मुंबईतले डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तिथं फेटाळली गेली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, त्यात प्रा. एम. जी. के. मेनन आणि डॉ. पी. के. अय्यंगार होते. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ ला अन्नातल्या किरणोत्सर्गाच्या ज्या मर्यादा ठरवल्या, त्यांच्या आतले पदार्थ खाण्यास सुरक्षित आहेत का, एवढाच प्रश्न समितीला विचारला. समितीने 'आहेत' म्हटलं आणि १९८८ मध्ये याचिका निकाली निघाली.

समितीचं उत्तर शास्त्राला धरून होतं. लोण्यात सीझियम तसंही फार कमी उतरतं, ते दुधाच्या पाणचट भागात राहतं. पण एक तारीख बघा. चेर्नोबिल झालं एप्रिल १९८६ मध्ये, आणि न्यायालयासमोर जी मर्यादा होती ती ऑगस्ट १९८७ ची. न्यायालयाचे दार कुणी ठोठावलं नसतं तर या लोण्यात काय आहे, ते किती चालतं, हे सामान्य माणसासमोर आलं असतं का? याचिका हरली, पण त्या लोकांनी विचारलं म्हणून उत्तर कागदावर आलं.

शेवटी काय उरलं

उत्तर आयर्लंडची बंदी २००० मध्ये उठली, स्कॉटलंडची २०१० मध्ये. २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्सची उठली तेव्हा वेल्समध्ये तीनशेहून जास्त आणि कंब्रियात फक्त ८ शेतं उरली होती.

या सगळ्यातून मला तीन प्रश्न हाताशी ठेवावेसे वाटतात. जनावरांवर, मांसावर, दुधावर कुठलाही निर्बंध आला की ते विचारायचे. मग कारण किरणोत्सर्ग असो, लम्पी असो की २००६ मध्ये नवापूरला आला तसा बर्ड फ्लू.

एक. 'इतके दिवस' हा आकडा कशावरून काढला? आणि तो चुकला तर पुढे काय?

दोन. आदेश काढण्यापूर्वी हे जनावर रोज हाताळणाऱ्या एका तरी माणसाला विचारलं का?

तीन. आधीच्या नोंदी कुठे आहेत?

तिसरा प्रश्न सर्वांत कंटाळवाणा वाटतो, पण कंब्रियात सगळं त्याच्यावरच अडलं. आपल्याकडे तारापूर १९६९ पासून चालू आहे. जैतापूरचा प्रकल्प कधी ना कधी पुढे सरकेल किंवा सरकणार नाही. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत, त्या वादात मी इथे शिरत नाही. पण प्रकल्प येवो न येवो, आजची माती, आजचं गवत, आजची मासळी, आजचं दूध यांची मोजमापं गावकऱ्यांच्या हातात, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असायला काय हरकत आहे? उद्या काही झालं तर दोघांनाही तीच कामी येतील. काही झालं नाही, तर ते सिद्ध करायलाही तीच लागतील.

तूर्त एक छोटं काम करू. लम्पीच्या वेळी आपल्या तालुक्यातला जनावरांचा बाजार नेमका कुठल्या तारखेला बंद झाला, कुठल्या तारखेला उघडला, आणि दगावलेल्या जनावराची भरपाई किती दिवसांनी मिळाली, हे ज्यांच्याकडे लिहिलेलं असेल त्यांनी कळवा. पावती असेल तर फोटो पाठवा. मी सगळं एकत्र करून इथेच टाकतो. चार-पाच वर्षांपूर्वीचीच तर गोष्ट आहे, अजून लोकांच्या लक्षात आहे. आणखी दहा वर्षांनी विचारलं तर कुणी काही सांगू शकणार नाही.